झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं कोणी सांगितलं?

आलेलं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणारी मुलगी 23 वर्षांची आहे. कॉलेजपासून गालांवर आणि हनुवटीवर पिंपल्स येतात, ते बसले की मागे काळे डाग राहतात. गेले चार महिने ती घरी बनवलेला फेस मास्क लावते, आधी आठवड्यातून एकदा लावायची, मग दिवसाआड, आता रोज. त्यात हळद, मुलतानी माती, कडुनिंबाची पावडर, ज्येष्ठमध, लिंबाचा रस आणि वरून चिमूटभर खायचा सोडा. हे सगळं तिची आई स्वतः दळून, कालवून देते, कारण तोंडाला केमिकल्स लावायची नाहीत यावर आई ठाम आहे. लावल्यावर झोंबतं, पण "झोंबतंय म्हणजे आतली घाण बाहेर पडतेय" असं तिने ऐकलंय. महिनाभरापासून साध्या पाण्यानेही चेहरा चरचरतो, नाकाच्या बाजूला पापुद्रे निघतात, आणि डाग जायचे सोडून गालांच्या उंचवट्यावर नवे तपकिरी चट्टे आलेत. स्किनच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी अ‍ॅडापलीन या पिंपल्सवरच्या औषधाची ट्यूब दिली होती, ती अजून उघडलेली नाही. ती विचारते, "ताई, आता मध्येच सोडलं तर चार महिन्यांची मेहनत वाया जाईल का? की अजून थोडा स्ट्राँग करून बघू? आणि बंदच करायचा असेल तर आईला कसं सांगू, ती इतक्या मायेने करते."

अगं, आधी उत्तर देते आणि मग कारणं सांगते, कारण तुझा चेहरा आत्ता जळतोय आणि त्याला माझं सगळं पुराण वाचून होईपर्यंत थांबवायला नको. आजपासून मास्क बंद. स्ट्राँग तर नाहीच करायचा, पण "थोडासा, लिंबू न घालता" असाही नको, निदान तीन-चार आठवडे काहीच नको. मेहनत वाया जाईल ही भीती मला समजते, चार महिने रोज नेमाने एखादी गोष्ट केली की ती सोडताना जीवावर येतं. पण तूच पत्रात क्रमाने लिहिलंयस बघ, आठवड्यातून एकदा होतं तेव्हा ठीक होतं, दिवसाआड झालं तेव्हा झोंबायला लागलं, रोज झालं आणि पाणीसुद्धा सोसेना. म्हणजे काय होतंय हे तुला कळलेलं आहे, फक्त ते मान्य करायला कोणीतरी सोबत हवं होतं म्हणून तू मला लिहिलंस असं मला वाटतं.

आता त्या झोंबण्याबद्दल, कारण सगळा गुंता तिथेच आहे. झोंबलं की औषध लागू पडलं हे आपल्या डोक्यात इतकं खोल बसलंय की न झोंबणारी गोष्ट आपल्याला औषध वाटतच नाही. लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर काहीतरी जळजळीत लावायचे आणि वर म्हणायचे, झोंबू दे, बरं होईल. पण त्वचेला बोलता येत नाही, तिच्याकडे सांगायच्या दोन-तीनच खुणा आहेत, जळजळ, खाज, लाली, आणि त्या ती वापरते तेव्हा "थांब" म्हणत असते. आतली घाण बाहेर येतेय वगैरे काही होत नसतं. शरीरातला नको तो भाग बाहेर काढायचं काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडं करतात, चेहरा करत नाही. पिंपल म्हणजे साठलेली घाणही नव्हे. त्वचेतल्या बारीक छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी मिळून बूच बसतं, त्यामागे तिथे नेहमीच राहणारे जंतू वाढतात, आणि मग सूज येते, त्यात हार्मोन्सचा हात असतो, घराण्याचा असतो. हे सगळं छिद्राच्या आत चालू असतं आणि डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आठवडे आधी सुरू झालेलं असतं. वरून लावलेला लेप वरच राहतो. म्हणजे तू अस्वच्छ होतीस म्हणून पिंपल्स आले असं कृपा करून कधीही मनात आणू नकोस, आणि घासून, सोलून, जाळून ते जातील असंही नाही.

मग झोंबत का होतं? तुझ्या मास्कमधल्या दोन गोष्टी बघूया. निरोगी त्वचेचा वरचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 4.5 ते 5.5. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या जवळपास. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण पीएचची एकेक पायरी दहापटीची असते, म्हणजे 5 वरून 2 वर जाणं म्हणजे आम्लता हजारपट. खायच्या सोड्याचं पाणी बरोबर उलट्या बाजूला, 8 च्या थोडं पुढे. आता ही दोन्ही एकत्र केली की फसफसतं, आणि तो फेस बघून काहीतरी जोरदार घडतंय असं वाटतं. घडतं एवढंच की लिंबातलं आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. उरतं ते जे जास्त पडलं असेल ते. चिमूट कधी मोठी पडते, लिंबू कधी रसाळ निघतं, त्यामुळे एखाद्या दिवशी तुझ्या गालावर आम्ल जात होतं आणि दुसऱ्या दिवशी अल्कली, आणि त्वचेने त्यातलं नक्की कशाशी जुळवून घ्यायचं?

ती जुळवून घेणारी चीज किती पातळ आहे हे पण ऐक. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, जो पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवतो, तो चेहऱ्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास जाड असतो. विटांची भिंत असते ना, विटा म्हणजे चपट्या मेलेल्या पेशी आणि मधला चुना म्हणजे तेलकट मेद. तू रोज तो चुना धुवून काढत होतीस. चुना गेला की भिंत पाझरते, आतलं पाणी उडून जातं म्हणून पापुद्रे, आणि बाहेरचं काहीही थेट मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत पोचतं म्हणून साधं पाणीही चरचरतं. तुझी त्वचा "सेन्सिटिव्ह" जन्मलेली नाही, ती आपण केली आहे, आणि म्हणूनच ती परत पूर्ववत होऊ शकते, ही या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी.

गालावरच्या चट्ट्यांबद्दल मला लिंबाचाच पहिला संशय आहे. लिंबाच्या रसात, आणि सालीत तर जास्तच, असे पदार्थ असतात जे त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा अक्षरशः भाजतात. गंमत अशी की लगेच काहीच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी लाल होतं, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी डाग उरतो जो आठवडे, कधी महिने जात नाही. मी स्वतः हे भोगलंय. एकदा उन्हात बसून टोपलीभर लिंबं पिळली होती, रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता, आणि दोन दिवसांनी जिथून रस ओघळला होता बरोब्बर तिथून काळपट रेघ उमटली. ती पूर्ण जायला चार-पाच महिने गेले, आणि तेव्हाही मला कोणी सांगेपर्यंत लिंबाचा संबंध लक्षात आला नव्हता. तुझ्या बाबतीत तर लिंबाबरोबर रोजची जळजळही आहे, आणि सावळ्या-गव्हाळ त्वचेत कुठलीही सूज, कुठलंही भाजणं बऱ्याचदा मागे डाग सोडून जातं. डाग घालवायला म्हणून जे लावलं तेच डाग देत होतं. याचं वाईट वाटून घेऊ नकोस, "लिंबाने उजळतं" हे इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने सांगितलं जातं की कोणीही विश्वास ठेवेल.

आता "नैसर्गिक" या शब्दाकडे येते, आणि इथे मला आईशीच बोलायचंय असं समज. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे आपण गृहीत धरतो, पण बिब्बाही झाडालाच लागतो, खाजकुयलीही रानातलीच, आणि लसणाची पाकळी ठेचून चामडीवर बांधून ठेवली तर फोड येतात. दुसरीकडे ज्याला आपण केमिकल म्हणून लांब ठेवतो त्यातलं बरंच झाडाझुडपांच्या ओळखीचं आहे. पिंपल्सवर वापरतात त्या सॅलिसिलिक अ‍ॅसिडला नाव मिळालंय ते विलो नावाच्या झाडाच्या लॅटिन नावावरून, त्याच्या सालीतल्या द्रव्यावरून ही ओळख झाली. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड गहू आणि बार्लीतही सापडतं. खरा फरक मोजमापाचा आहे. ट्यूबमध्ये किती टक्के काय आहे ते लिहिलेलं असतं, त्याचा पीएच ठरवलेला असतो, ते किती दिवस टिकेल हे तपासलेलं असतं. पाल्याच्या पावडरीत गुण किती आहे हे पानाचं वय, ऋतू, वाळवण्याची पद्धत, बरणीत किती महिने पडून आहे यावर बदलत राहतं.

वनस्पतींमध्ये दम नाही असं मी अजिबात म्हणत नाहीये. 1990 साली ऑस्ट्रेलियात 124 पिंपल्सवाल्या लोकांवर टी ट्री या झाडाच्या पानांचं तेल तपासलं होतं, तुलनेला समोर होतं बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पिंपल्सवरचं नेहमीचं औषध. दोन्हींनी फरक पडला, टी ट्रीचा गुण उशिरा आला पण त्याचा त्रास कमी झाला. फक्त ते तेल नुसतं बाटलीतून ओतलेलं नव्हतं, 5 टक्क्यांचं मोजून केलेलं जेल होतं. तेच तेल नुसतं लावलं की ॲलर्जीची तक्रार घेऊन येणारे लोकही पुष्कळ. ज्येष्ठमधाचंही तसंच, त्यातलं डाग हलके करणारं द्रव्य पाण्यात नीट विरघळतच नाही, त्यामुळे पावडर पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवली तर त्यातलं त्वचेत किती उतरणार, जवळजवळ नाहीच. हळदीतला पिवळा गुणसुद्धा पाण्यात विरघळत नाही, म्हणून चेहरा पिवळा दिसतो पण आत फारसं जात नाही. हळदीची ॲलर्जी असते बरं का, आणि सुट्या हळदीत, हळकुंडांवरही, रंग चढवायला लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी संयुग वापरल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत, त्यामुळे लावायचीच तर खात्रीच्या ठिकाणची.

मग लेप लावल्यावर चेहरा छान का वाटतो? वाटतो हे खरंच आहे, कोणी खोटं बोलत नाहीये. ओलावा मिळाला की वरचा थर थोडा फुगतो, बारीक रेषा भरतात, उजेड सारखा परावर्तित होतो म्हणून चेहरा तजेलदार दिसतो. माती तेल शोषते म्हणून चकाकी कमी होते. आणि पंधरा मिनिटं तू डोळे मिटून गप्प पडतेस, फोन हातात नसतो, त्याचाही गुण आहे आणि मी तो कमी मानत नाही. पण हा परिणाम काही तासांचा आहे. मी त्याला लाड म्हणते. लाड करावेत, जरूर करावेत, पण लाड म्हणजे उपचार असं धरलं की मग गुण येत नाही म्हणून आपण मात्रा वाढवत जातो आणि नेमकं तेच तुझं झालं.

अजून एक विचारू का? तू पत्रात तीन वेळा "उजळ" लिहिलंयस आणि दोन वेळा "डाग". ही दोन वेगळी दुखणी आहेत, म्हणजे एक दुखणं आहे आणि दुसरं नाहीच. डाग हलके होऊ शकतात, त्याला वेळ लागतो पण होतात. तुझा मूळ रंग मात्र कुठल्याही लेपाने बदलणार नाही, आणि ज्या वस्तू झटपट बदलतात त्यांच्याकडे पाठ फिरव, त्यात न सांगता घातलेलं स्टेरॉइड किंवा पारा असण्याची भीती असते, बाहेर "हर्बल" लिहिलं असलं तरी. तुला नक्की काय हवंय हे एकदा शांतपणे कागदावर लिही. मला वाटतं तुला न दुखणारा, न चरचरणारा, पिंपल्स नसलेला स्वतःचाच चेहरा हवाय.

तर आता काय करायचं. पुढचे तीन-चार आठवडे चेहऱ्याला शक्य तितकं एकटं सोड. दिवसातून दोनदा कोमट पाणी, त्यातही सकाळी नुसतं पाणी चालेल आणि रात्री सौम्य, बिनवासाचा फेसवॉश, साबणाची वडी नको. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही. चेहरा अजून दमट असताना साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, सिरॅमाइड किंवा ग्लिसरीनवालं. तेही झोंबलं तर काही दिवस पातळ थर पेट्रोलियम जेलीचा, फक्त पापुद्रे असतील तिथे. बाहेर पडताना एसपीएफ 30 किंवा जास्तचं सनस्क्रीन, झिंक ऑक्साइडचं असेल तर चिडलेल्या त्वचेला बहुतेक सोसतं, आणि उन्हात असशील तर दोन तासांनी परत. हे सनस्क्रीनचं कंटाळवाणं वाटतं हे मला माहितीये, पण डागांवर सगळ्यात जास्त फरक याच्याने पडतो, कारण ऊन लागत राहिलं की जुना डाग गडद होतच राहतो आणि मग त्यावर काहीही लावा. स्क्रब, वाफ, बर्फ, टोनर, अक्रोडाच्या सालीची भुकटी, काही नको.

त्या न उघडलेल्या ट्यूबबद्दल. अ‍ॅडापलीन चांगलं औषध आहे, छिद्रातलं बूच मुळात बसूच नये यावर ते काम करतं, म्हणजे लेप जिथे पोचत नाही तिथे. पण ते आत्ता सोललेल्या चेहऱ्यावर सुरू करू नकोस, जळजळ होईल आणि तू म्हणशील, बघा, आई बरोबरच म्हणत होती. डॉक्टरांना परत भेट आणि सरळ सांग की मी चार महिने लिंबू-सोडा लावत होते, लाजू नकोस, त्यांनी हे हजार वेळा ऐकलेलं असतं. त्वचा शांत झाली की बहुतेक आठवड्यातून दोन-तीन रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला मिळून, असं सुरू करायला सांगतील. आधीचे काही आठवडे थोडा कोरडेपणा येतो आणि कधी पिंपल्स वाढल्यासारखेही वाटतात, कारण आत बनत असलेले लवकर वर येतात. "घाण बाहेर येते" ही समजूत बहुतेक इथूनच फिरत फिरत लिंबापर्यंत पोचली असावी, पण लिंबाला ते लागू नाही. खरा फरक दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार चालू असेल तर हे औषध चालत नाही, तेही डॉक्टरांना सांगायचं. आणि पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर ते पण सांग, कधीकधी मूळ तिथे असतं आणि आपण वर्षानुवर्षं गालाला लेप थापत बसतो.

मास्क कायमचा सोडायचा का? नाही गं. चेहरा साध्या पाण्याने सलग दोन आठवडे चरचरला नाही की मग हवा तर परत कर, पण वेगळा. हे तुझ्यासारख्या बाकीच्यांसाठी पण लिहितेय, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपात माझ्याकडे खूप येतो. माझ्या मते घरच्या मास्कमधला सगळ्यात गुणी म्हणजे ओट्सचा. ओट्स कोरडे, अगदी पिठासारखे बारीक दळायचे आणि वस्त्रगाळ करायचे, दोन चमचे पीठ उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवायचं, चिकट बुळबुळीत झालं की लावायचं आणि दहा मिनिटांत, वाळायच्या आधी, धुवायचं. बारीक दळलेल्या ओट्सला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2003 साली त्वचेचं रक्षण करणारा घटक म्हणून मान्यता दिली, खाज आणि लाली शमवणारे घटक त्यात खरोखर आहेत. आणि हे झोंबत नाही, त्यामुळे सुरुवातीला तुला वाटेल की काहीच होत नाहीये, तेव्हा हे पत्र परत वाच.

कोरड्या त्वचेला नुसता मध पातळ थरात चालतो, परागकणांची ॲलर्जी असेल तर नको. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा मुलतानी माती, पण साध्या पाण्यात किंवा ताज्या, आंबट न झालेल्या दह्यात, आणि भेगा पडेपर्यंत ठेवायची नाही. ती ताणलेली, हसता येत नाही अशी अवस्था म्हणजे काम फत्ते असं समजतात, तेव्हा खरं तर माती तेलाबरोबर त्वचेतलं पाणीही ओढत असते. आठ-दहा मिनिटं, ओलसर असतानाच धुवून टाका. दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं पण थोडं, त्यामुळे सोलून निघण्याची अपेक्षाही नको आणि भीतीही नको. कोरफडीचं पान कापलं की उभं धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा, खाज येते ती त्याची, गर मग धुवून घ्यायचा. कडुनिंब कोरडं पाडतो, म्हणून कोरड्या त्वचेने त्याच्या वाटेला जाऊच नये.

लिंबू, सोडा, दालचिनी, लसूण, टूथपेस्ट, नुसती सुगंधी तेलं, ही तोंडाला लावायचीच नाहीत, कोणी कितीही सांगू दे. कच्ची पपईही नको, लॅटेक्सची (रबराच्या चिकाची) ॲलर्जी असलेल्यांनी तर मुळीच नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जंतू असू शकतो, आणि अंड्यातली प्रथिनं इतकी मोठी असतात की त्वचेत शिरूच शकत नाहीत, वाळल्यावर ताणल्यासारखं वाटतं तेवढंच. दाढी केल्या केल्या, वॅक्सिंगनंतर, फुटलेल्या पिंपलवर कुठलाच लेप नको. एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

आणि एका वेळी एकच पदार्थ. तुझ्या मास्कमध्ये सहा गोष्टी होत्या, त्यातल्या कुठल्या कुठल्या त्वचेला नको होत्या हे कळायला काही मार्ग आहे का? नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, मास्क ठेवतो तेवढा वेळ, आणि मग दोन दिवस वाट बघायची, कारण खरी ॲलर्जी बऱ्याचदा 48 ते 72 तासांनी उठते. जमलं तर आठवडाभर रोज त्याच जागी लावून बघ, ते जास्त खात्रीचं. कालवलेलं उरलं तर टाकून द्यायचं, फ्रिजमध्ये ठेवून उद्यासाठी नाही, पाणी लागलेल्या पिठात जंतू आणि बुरशी भराभर वाढतात आणि दिसायच्या, वास यायच्या आधी वाढतात. कोरड्या पावडरच्या बरणीत ओला चमचा घालायचा नाही.

आता आई. हे सगळ्यात अवघड आहे ना? तू लिहिलंयस की ती सकाळी उठून तुझ्यासाठी दळते आणि तू "छान वाटतंय" म्हणतेस, मग बाथरूममध्ये जाऊन गार पाण्याचे हबके मारत बसतेस. हे वाचून मला तुझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त वाईट वाटलं, कारण आपल्या हातच्या गोष्टीने लेकीला त्रास होतोय हे कळलं तर ती एक दिवस थांबणार नाही, आणि तिला ते कळूच दिलेलं नाहीये. तू तिचं मन जपतेयस असं तुला वाटतं, पण तिला निवड करायची संधीच मिळाली नाही. तिच्याशी वाद घालायला जाऊ नकोस, नैसर्गिक विरुद्ध केमिकल असा तर मुळीच नाही, तो वाद कोणी जिंकत नाही. दिवसाच्या उजेडात तिच्यासमोर बस, नाकाशेजारचे पापुद्रे दाखव, तिचा हात गालाला लावून दे, आणि म्हण, "आई, मला महिनाभरापासून पाणी पण झोंबतंय, मी तुला सांगितलं नाही." एवढंच. तुझ्या लेपाने झालं असं म्हणायची गरज नाही, ती स्वतः विचारेल. मग तिला सांग की लिंबू आणि सोडा एकमेकांत मिसळून काय करतात, जमलं तर एका वाटीत दोघींनी मिसळून बघा.

आणि तिचं काम काढून घेऊ नकोस, बदलून दे. ओट्स पिठासारखे दळणं आणि वस्त्रगाळ करणं हे निगुतीचं काम आहे, ते तुझ्यापेक्षा ती चांगलं करेल. डॉक्टरांकडे जाताना तिला सोबत घेऊन जा, तिच्या शंका तिलाच विचारू दे, केमिकलबद्दलची सुद्धा. ती शंका मूर्खपणाची नाही, चुकीची क्रीम लावून चेहरे खराब झालेले तिने पाहिलेले असणार, तिची भीती कुठूनतरी आलेली आहे. कदाचित ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, तसं झालं तरी मास्क परत लावू नकोस.

यातलं काही झालं तर माझ्या उत्तराची, डॉक्टरांच्या तारखेची वाट बघायची नाही: फोड आले, पाणी सुटायला लागलं, पू झाला, डोळ्यांभोवती किंवा ओठांवर सूज आली तर त्याच दिवशी दाखवायचं, आणि श्वासाला त्रास झाला तर तडक दवाखाना. पिंपल्स खोल, दुखरे, गाठीसारखे असतील आणि खड्डे पडत असतील तर तेही लांबवू नका, खड्डे भरणं फार कठीण जातं.

आज रात्री झोपण्याआधी खिडकीजवळच्या एकाच जागी, एकाच दिव्यात चेहऱ्याचा एक फोटो काढून ठेव, आणि मग दर रविवारी त्याच जागी एक. रोज आरशात बघून फरक कळत नाही आणि जीव उतावीळ होतो, सहा आठवड्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळतो. ते फोटो मला पाठवायची गरज नाही, आईबरोबर बसून बघ. मला फक्त एवढं कळव की पाणी झोंबायचं थांबलं का.

तुझी ताई